प्राण्यांच्या छळाची तक्रार आणि वॉरंटशिवाय घराची झडती

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुंबईच्या पूर्व उपनगरात आपल्या भावाचे घर आहे. भाऊ आणि वहिनी कामावर गेलेले असताना, घरी फक्त आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आई असताना, रात्री साडेआठच्या सुमारास एक पोलीस उपनिरीक्षक, दोन शिपाई आणि एका प्राणीमित्र संस्थेचे दोन कार्यकर्ते दारात आले. कुत्रा दिवसभर गॅलरीत आखूड साखळीने बांधलेला असतो आणि त्याला वेळेवर खायला मिळत नाही, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. आईंनी दार उघडले, मंडळी आत आली, त्यांनी कुत्र्याच्या मानेवरच्या जखमेचे फोटो काढले, स्वयंपाकघरातील कपाटे उघडून पाहिली, कुत्रा नेला आणि कागद काहीच दिला नाही. आता गुन्हा नोंदवला गेला आहे. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अशा झडतीला वॉरंट लागत नाही का? आणि लागत असेल तर ते नसल्यामुळे खटला रद्द होतो का?

मी बावीस वर्षे मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. प्राण्यांच्या छळाच्या खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहिलो आहे, आणि तक्रारदार संस्थांच्या बाजूने तर त्याहून अधिक वेळा. आपण सांगितलेली हकिगत पूर्ण खरी धरली, तर माझ्या मते त्या घरात शिरून झडती घेण्यासाठी वॉरंट, किंवा निदान कारणांची आधी केलेली लेखी नोंद, आवश्यक होती. मात्र केवळ तेवढ्या उणिवेवर खटला पडेल अशी आशा आपण धरू नये. या दोन वाक्यांत दिसणारा विरोध समजून घ्यायचा तर कायद्याची रचना पाहावी लागते.

मूळ कायदा १९६० चा, म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम. त्याच्या कलम ११ च्या पोटकलम १ मध्ये क्रूरतेचे प्रकार खंडवार दिले आहेत. मारहाण, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे, मालक असून पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे, हे सारे त्यात येते. पहिल्या अपराधाला दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. या जुन्या आकड्यांची मला लाज वाटते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता, पण त्याचा कायदा झालेला नाही. आपल्या प्रश्नाशी मात्र दंडाच्या रकमेपेक्षा कलम ३१ चा संबंध जास्त आहे. त्यानुसार कलम ११ मधले केवळ तीन खंड दखलपात्र आहेत : जनावराला विकलांग करणे किंवा अनावश्यक क्रूर रीतीने मारणे, जनावरांच्या झुंजींसाठी जागा चालवणे, आणि कोंडलेली जनावरे सोडून त्यांवर नेमबाजीच्या स्पर्धा भरवणे. त्यांच्या जोडीला दुभत्या जनावरांवरील फुक्याचे, म्हणजे अधिक दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या क्रूर प्रकाराचे, कलम १२ आहे. आखूड साखळी आणि उपासमार यांत बसत नाहीत. ते अदखलपात्र गुन्हे आहेत, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४ स्पष्ट सांगते. पोलीस ठाण्यात अशा तक्रारीची ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात ती याच कारणाने.

आता १९६० च्या कायद्यातील झडतीची तीन कलमे एकापुढे एक ठेवून वाचावीत, कारण उत्तर त्यांच्या शब्दांत आहे. कलम ३२ उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीला, वॉरंटशिवाय जागेत प्रवेश करू देते. पण ते दोनच प्रसंगी, एक गाय-शेळीसारख्या जनावरांच्या क्रूर हत्येचा आणि त्यांच्या कातडीचा, दुसरा फुक्याचा. कलम ३३ बाकीच्या सर्व अपराधांना लागू होते. लेखी खबर मिळाल्यावर आणि आवश्यक वाटेल ती चौकशी केल्यावर दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक स्वतः झडती घेऊ शकतात, किंवा उपनिरीक्षक आणि वरच्या अधिकाऱ्याला वॉरंट देऊ शकतात. कलम ३४ हे त्या रात्री वापरले गेले असावे. अपराध घडला आहे किंवा घडत आहे असे मानण्यास कारण असल्यास शिपायाहून वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो, असे ते सांगते.

कलम ३४ मध्ये प्रवेश हा शब्द नाही. ज्यांनी ही तीन कलमे एकामागोमाग लिहिली, त्यांना प्रवेशाचा अधिकार द्यायचा होता तेथे त्यांनी तो नाव घेऊन दिला आहे, आणि ३४ मध्ये जनावर ताब्यात घेण्यापुरतेच लिहून ते थांबले आहेत. रस्त्यावरचा टांगा, बाजारातील गाडी, सोसायटीच्या आवारात बांधलेला कुत्रा, यांच्यासाठी ते पुरेसे आहे. बंद दाराआडच्या जनावरासाठी त्याला कलम ३३ ची जोड हवी. सरकारी पक्ष असे म्हणेल की ताब्यात घेण्याच्या अधिकारात तेथपर्यंत पोहोचण्याचा अधिकार गृहीत आहे. तो युक्तिवाद क्षुल्लक नाही, पण तसे असते तर कलम ३२ मधील मर्यादा निरर्थक ठरल्या असत्या, असे माझे उत्तर राहील.

संस्थेच्या ओळखपत्राने कोणी ‘अधिकार दिलेली व्यक्ती’ होत नाही. त्यासाठी राज्य सरकारचा आदेश लागतो. त्या दोन कार्यकर्त्यांकडे तो होता का, हे विचारणे आपला हक्क आहे. ते पोलिसांच्या मदतीला आले असतील, तरी कपाटे उघडण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही.

पोलिसांच्या बाजूचा खरा आधार दुसरीकडे आहे. आपण लिहिता की गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लावले आहे. जनावराला मारणे, विष देणे, विकलांग किंवा निरुपयोगी करणे यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत ४२८ आणि ४२९ या कलमांत जनावराच्या किमतीवरून शिक्षा ठरत असे. १ जुलै २०२४ पासून तो भेद गेला, आणि ही दुरुस्ती चांगलीच झाली. हे कलम दखलपात्र आहे, आणि अनेक अपराधांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. त्यामुळे ३२५ जोडले की सुरक्षा संहितेच्या १७४ चा अडसर दूर होतो आणि तपास अधिकाऱ्याला त्याच संहितेच्या कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेण्याची वाट मोकळी होते. हे कलम खरोखर लागू होते म्हणून लावले आहे, की झडती सावरण्यासाठी मागाहून जोडले आहे, हे आपल्या वकिलांनी तपासलेच पाहिजे. साखळीच्या घर्षणाने झालेली जखम म्हणजे विकलांग करणे होईलच असे नाही. ते पशुवैद्यकाच्या अहवालावर ठरेल. शिवाय ३२५ हा आगळिकीचा एक प्रकार आहे, आणि आगळीक म्हणण्यासाठी जनतेचे किंवा कोणाचे तरी नुकसान करण्याचा हेतू किंवा तसे होण्याची जाणीव लागते. स्वतःच्या मालमत्तेबाबतही आगळीक होऊ शकते असे स्पष्टीकरण कायद्यात आहे, तरीही स्वतःच्या पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हे नुकसान कोणाचे, हा प्रश्न बचाव पक्ष हमखास विचारतो.

पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील वेळा म्हणूनच मागवून घ्याव्यात. गुन्हा रात्री दहा वाजता नोंदवला गेला असेल आणि झडती साडेआठला झाली असेल, तर साडेआठला नेमका कोणता तपास चालू होता, हे अधिकाऱ्याला उलटतपासणीत सांगावे लागेल. कलम १८५ ही सूट आहे आणि तिला अटी आहेत. हवी असलेली वस्तू अवाजवी विलंबाशिवाय अन्य मार्गाने मिळणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले पाहिजे. तसे का वाटते याची कारणे आणि शक्यतो त्या वस्तूचे नाव झडतीच्या आधी लिहिले पाहिजे. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण झाले पाहिजे. आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचली पाहिजे. घरमालकाने अर्ज केल्यास त्याला ती प्रत विनामूल्य मिळते. कलम १०३ प्रमाणे त्या भागातील किमान दोन प्रतिष्ठित आणि तटस्थ पंच हवेत, झडतीच्या वेळी घरातील माणसाला हजर राहू दिले पाहिजे आणि जप्त वस्तूंच्या यादीची सहीची प्रत दिली पाहिजे. तक्रार करणाऱ्या संस्थेचेच कार्यकर्ते पंच म्हणून दाखवले असतील, तर तटस्थतेचा प्रश्न तेथेच उभा राहतो. कलम १०५ नुसार चित्रमुद्रण दंडाधिकाऱ्यांकडे विनाविलंब पाठवायचे असते. ते मागा. नसेल, तर नाही असे लेखी उत्तर मिळवा.

आईंनी दार उघडले म्हणजे संमती दिली, असे सांगितले जाईल. गणवेशातला अधिकारी रात्री दारात उभा असताना वृद्ध बाईने ‘या’ म्हणणे आणि झडतीला राजी असणे यांत फार अंतर आहे. कपाटे उघडण्याला तर तो ‘या’ कोणत्याही अर्थाने पुरत नाही. मी संस्थांना नेहमी सांगतो की संमती घ्यायचीच असेल तर ती कागदावर, मालकाच्या किंवा घरात राहणाऱ्या सज्ञान व्यक्तीच्या सहीने घ्या. सोसायटीचा सचिव, वॉचमन किंवा शेजारी ठेवलेली चावी यांच्या भरवशावर कोणाच्या घरात शिरू नये.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकन मालिका पाहून अनेकांचा समज झाला आहे की बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा न्यायालय बाहेर फेकते. तेथे तो नियम खरोखर आहे. १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालाने तो सर्व राज्यांना लागू झाला. म्हणूनच तेथे प्राण्यांच्या खटल्यांत तातडीच्या प्रसंगाचा अपवाद अत्यंत महत्त्वाचा ठरतो. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये डंकन प्रकरणात, थंडीत उघड्यावर दोन कुत्री मेलेली आणि तिसरे खंगलेले दिसल्यावर पोलिसांनी वॉरंटशिवाय आवारात शिरणे वैध ठरू शकते, असे सांगितले. आपल्याकडे ही रचना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आपल्या संविधानात नाही असे नोंदवले. राधाकिशन प्रकरणात १९६२ मध्ये बेकायदा झडतीला विरोध करता येतो आणि तिच्यातील पुरावा न्यायालयाने बारकाईने तपासावा, पण जप्ती त्याने आपोआप रद्द होत नाही, असे म्हटले. आणि पूरणमल प्रकरणात पाच न्यायाधीशांनी पुराव्याची कसोटी त्याची प्रस्तुतता, म्हणजे खटल्यातील मुद्द्याशी असलेला संबंध, हीच ठरवली. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या लाचेच्या खटल्यात, आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात, टेपवर मुद्रित केलेले संभाषणही याच तर्काने स्वीकारले गेले.

म्हणून जखमेचा फोटो न्यायालयासमोर येईल, असे धरून चालावे. त्याचे वजन किती, हा वेगळा प्रश्न आहे. पंचनामा नाही, पंच तटस्थ नाहीत, चित्रमुद्रण नाही, जप्तीनंतर कुत्रा किती तासांनी पशुवैद्यकापुढे गेला याची नोंद नाही, तर त्या जखमेची वेळ आणि कारण सिद्ध करणे सरकारी पक्षाला अवघड होते. मोबाईलमधील फोटोंना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल. मात्र समोरच्या इमारतीतून शेजाऱ्याने स्वतःच्या खिडकीत उभे राहून गॅलरीतील कुत्र्याचे पाहिलेले आणि चित्रित केलेले दृश्य ही झडतीच नव्हे. झडती कितीही सदोष ठरली तरी त्या साक्षीला धक्का लागत नाही.

पुरावा टिकतो म्हणून उंबरठ्याला किंमत नाही, असे मात्र समजू नये. रात्री पोलिसांनी घरी येऊन पाहणी करण्याची उत्तर प्रदेशातील तरतूद खरकसिंग प्रकरणात रद्द झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि एम. पी. शर्मा निकालाचा त्याविरुद्ध जाणारा भाग रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याही आधी, ६ मे २०१६ रोजी, शेख जाहिद मुख्तार प्रकरणात महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाचे कलम ५ड रद्द केले. राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे हा त्या कलमाने गुन्हा ठरवला होता, आणि माणूस आपल्या घरात काय खातो यात राज्याने शिरणे खासगीपणाच्या हक्काशी विसंगत आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. त्याविरुद्ध अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. तो खटला क्रूरतेचा नव्हता आणि खासगीपणा हे जनावराला छळण्याचे कवच होऊ शकत नाही. पण प्राण्यांच्या नावाने केलेल्या कायद्याचा हात घरात कोठवर पोहोचतो, याचा विचार आपल्या उच्च न्यायालयाने केला आहे, हे आपल्या वकिलांनी अवश्य दाखवावे.

आपण शेवटी एक ओळ लिहिली आहे : ‘मग खरोखर छळ होत असेल तर त्या मुक्या जनावराला वाचवायचे कोणी?’ हा प्रश्न आपण विचारलात याचा मला आदर वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नागराज निकालाने प्राण्यांना अनावश्यक वेदनांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क मानला आहे, आणि तो केवळ कागदावर राहू नये यासाठी मी स्वतः काम करतो. आठवड्यापासून कुलूपबंद असलेल्या घरातून कुत्र्याचे क्षीण होत गेलेले रडणे ऐकू येत असेल, तर ते अदखलपात्र हयगयीच्या पलीकडे गेलेले असते. उपाशी ठेवून जीव घेणे हे अनावश्यक क्रूर रीतीने मारणे आहे, तो दखलपात्र अपराध आहे, आणि असा अपराध घडू नये म्हणून मध्ये पडण्याचा अधिकार सुरक्षा संहितेचे कलम १६८ पोलिसांना देते. अशा वेळी दार उघडलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मालकाला फोन करून संमती मिळवण्याचा प्रयत्न करावा, त्याची नोंद ठेवावी, अग्निशमन दलाची मदत घ्यावी, पहिल्या क्षणापासून चित्रीकरण करावे, जनावर बाहेर काढावे आणि बाकी कशालाही हात न लावता पुन्हा कुलूप लावावे. घरातील इतर वस्तू हव्या असतील तर त्यांच्यासाठी वॉरंट घ्यावे. आपल्या भावाच्या घरी तसा प्रसंग नव्हता. कुत्रा गॅलरीत होता, समोरून दिसत होता, घरात माणूस होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉरंट आणता आले असते. कलम ३३ ने तो अधिकार पोलीस आयुक्तांनाही दिला आहे, तेव्हा न्यायालय बंद होते ही सबब मुंबईत फारशी चालत नाही. संस्थांच्या लोकांना मी हेच सांगत आलो आहे : वॉरंटसाठी घालवलेला अर्धा दिवस पुढे खटल्यातले अनेक महिने वाचवतो, कारण बचाव पक्षाची अर्धी उलटतपासणी झडतीवरच होत असते आणि तेवढा वेळ जनावराच्या जखमेबद्दल कोणी बोलत नाही.

आता आपल्या कामाचे. कुत्रा कोठे आहे हे आधी लेखी विचारा. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, ज्याला जुने मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, किंवा अन्य मान्य ठिकाणी तो दाखल असेल, तर दाखल करतानाची नोंद आणि तपासणीचा अहवाल मिळवा. सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा प्रकरणाच्या टप्प्यानुसार ५०३ खाली अंतरिम ताब्यासाठी अर्ज करता येईल. जप्त जनावरांच्या देखभालीचे २०१७ चे नियम संस्थेकडे ताबा ठेवण्याच्या आणि खर्चाचे बंधपत्र घेण्याच्या बाजूने आहेत, तर पिंजरापोळ देवदार प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपराधाचे स्वरूप, तो पहिलाच आहे का आणि जनावराची अवस्था कशी आहे, हे पाहून ताबा ठरवावा असे सांगितले आहे. अर्जासोबत लसीकरणाची पुस्तिका, पशुवैद्यकाची जुनी बिले आणि गॅलरीतील व्यवस्था आता कशी बदलली याचे फोटो जोडा. क्रूरतेच्या कायद्याखालचा खटला अपराधाच्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर दाखल करता येत नाही, हे कलम ३६ चे बंधनही तारखा लावून तपासून घ्या.

एक गोष्ट भावाशी मोकळेपणाने बोला. मानेवर साखळीची जखम होती, हे आपण स्वतः लिहिले आहे. ती कधी झाली, तिच्यावर उपचार चालू होता का, आणि कुत्रा दिवसातले किती तास बांधलेला असे, याची खरी उत्तरे वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. झडतीतील दोष मी किंवा दुसरा कोणी न्यायालयात कितीही नेटाने मांडला, तरी ताब्याच्या अर्जावर दंडाधिकारी पहिला प्रश्न त्या जखमेबद्दलच विचारतील.